नळी कोणत्या भट्टीतली?

कार्बन नॅनोट्यूबच्या, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांच्या, दोन पुड्या समोर ठेवा. दोन्ही काळ्या, दोन्ही हलक्या, दोन्हींवर नाव एकच. आता दोन्ही हवेत हळूहळू तापवा. एका पुडीतली पूड साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सियसला जळू लागते. दुसरी ७०० च्या पुढे गेली तरी तग धरून असते. मूलद्रव्य तेच आहे. फरक पडतो तो पूड कशी बनवली यामुळे.

जपानमध्ये एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेत सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये ज्या नळ्यांचे वर्णन केले, त्या आर्क पद्धतीच्या होत्या. निष्क्रिय वायूत ग्रॅफाइटच्या दोन कांड्या जवळ आणून त्यांच्यामधून मोठा विद्युतप्रवाह सोडायचा. तापमान ३,००० अंशांपलीकडे जाते, कार्बनची वाफ होते आणि ती ऋण कांडीवर थिजते. एवढ्या उष्णतेत अणूंना आपापली जागा गाठता येते, म्हणून नळीच्या भिंतीतली षटकोनांची जाळी बरीच निर्दोष विणली जाते. मात्र उत्पादन थोडे, आणि नळ्यांसोबत ग्रॅफाइटचे कणही भरपूर.

आज टनावारी नळ्या बनतात त्या सीव्हीडी (रासायनिक बाष्प निक्षेपण) पद्धतीने. ॲसिटिलिन किंवा मिथेनसारखा वायू ६०० ते १,००० अंशांवर लोह, निकेल वा कोबाल्टच्या सूक्ष्म कणांवरून सोडतात. धातूवर वायूचे विघटन होते आणि कणातून कार्बन नळीच्या रूपाने बाहेर वाढत जातो. नळीची जाडी बहुतांशी त्या कणाच्या आकारावर ठरते. असे नियंत्रण आर्क भट्टीत मिळत नाही. पण तापमान कमी असल्याने चुका दुरुस्त व्हायला वाव कमी: षटकोनाऐवजी कुठे पंचकोन, कुठे सप्तकोन, कुठे अणूच गायब. आयआयटी मुंबईत महेश्वर शेरॉन यांनी तर कच्चा माल म्हणून चक्क कापूर वापरून पाहिला. पेट्रोलियमवर विसंबून न राहण्याची ही दिशा मला फार मोलाची वाटते.

ऑक्सिजन हल्ला करतो तो जाळीतल्या याच चुकांवर, म्हणून सुरुवातीच्या दोन पुड्यांपैकी लवकर जळणारी पुडी सीव्हीडीची. षटकोनी जाळीतला अणू तीन शेजाऱ्यांशी घट्ट बांधलेला असतो. तुटक्या कडेवरचा किंवा वाकड्या जागेचा अणू ताणाखाली असतो. नळीच्या बंद टोकाला गोलाई येण्यासाठी सहा पंचकोन लागतात, म्हणून ते टोक सर्वांत नाजूक. पुलिकल अजयन, इजिमा आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवले की तापलेल्या हवेत नळ्या आधी टोकालाच उघडतात. सीव्हीडीच्या पुडीत भर पडते ती उरलेल्या धातूची. लोहकण ज्वलनाला मदत करतात आणि शेवटी लालसर राख मागे ठेवतात.

हा धातू काढायला नायट्रिक आम्लात उकळावे, तर आम्ल भिंतीही कुरतडते आणि तिथे ऑक्सिजनयुक्त गट चिकटवते. विजेच्या तारेसाठी हे नुकसानच. पाण्यात किंवा रेझिनमध्ये नळ्या मिसळायच्या असतील तर मात्र हेच गट उपयोगी पडतात, म्हणून दोषाला सरसकट वाईट म्हणणे मला पटत नाही. निष्क्रिय वायूत २,८०० अंशांच्या आसपास तापवले तर जाळी बऱ्यापैकी सुधारते, लोह वाफ होऊन निघून जाते. त्यासाठी खर्च होणारी ऊर्जा प्रचंड असते, त्यामुळे ज्या वापराला खरोखर गरज आहे तिथेच ही प्रक्रिया परवडते.

तरीही पुष्कळ मालावर फक्त शुद्धतेची टक्केवारी छापलेली असते. भट्टीचे तापमान, उत्प्रेरक आणि धुण्याची रीतही लेबलवर यायला हवी.