गाडी विकली, पण नावावर कोणाच्या?

लाखनी, मुरमाडी, पोहरा भागात जुनी मोटारसायकल विकायला फार वेळ लागत नाही. ओळखीतला कोणी येतो, चक्कर मारून बघतो, पैसे मोजतो. गाडीवाला आरसी बुक हातात देतो, फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करतो आणि म्हणतो, "नावावर करून घेजो भाऊ." घेणारा मान डोलावतो. पुढे वर्ष-दोन वर्षांत गाडी तिसऱ्याकडे गेलेली असते. एमएच ३६ चा तो नंबर मात्र पहिल्याच्याच नावावर असतो.

कायद्याच्या नजरेत मालक कोण, हे आरसीवरच्या नावावरून ठरते. पंजाब-हरियाणातून आलेल्या एका प्रकरणात मोटार २००७ मध्येच विकल्याचे मूळ मालकाचे म्हणणे होते. ती हातोहात फिरली आणि २००९ मध्ये अपघात झाला. नोंद बदललेलीच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर टाकली. मला हा निकाल योग्यच वाटतो. जखमी माणसाने किंवा मृताच्या घरच्यांनी गाडीचे चार खरेदीदार शोधत फिरावे काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत, घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. मालक वारला, तर वारसाने ३० दिवसांत मृत्यूची खबर द्यायची आणि तीन महिन्यांत गाडी आपल्या नावावर करायची. बापाच्या नावची मोटारसायकल मुलगा वर्षानुवर्षे चालवतो, तिथे हेच राहून जाते.

लायसन्सचेही तसेच. लायसन्स नसलेल्याच्या हाती गाडी दिली, तर चालवणारा आणि देणारा असे दोघेही दंडाला पात्र. अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई देऊन तीच रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. सोळाव्या वर्षी परवानगी आहे ती ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीची; घरातली स्कूटी बहुधा १०० सीसीच्या पुढची असते. पोराने तीच राष्ट्रीय महामार्ग ५३ वर काढून अपराध केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि पोराला २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. कलम १९९अ मुद्दाम इतके कडक आहे. ट्रक-ट्रेलरच्या रांगेत सापडलेल्या पंधरा वर्षांच्या पोराला दुसरी संधी मिळत नाही.

विकलेली गाडी अजून तुमच्याच नावावर असेल, तर कोऱ्या सह्यांच्या भरवशावर राहू नका. घेणाऱ्याला सोबत घ्या आणि याच आठवड्यात भंडाऱ्याच्या परिवहन कार्यालयातले काम उरका.