स्वयंसेवकांची आचारसंहिता

नवापूर तालुक्यातील खांडबारा व आसपासच्या पाड्यांवरून आमच्याकडे येणारे बरेच रुग्ण घरी मावची वा भिली बोलतात. डॉक्टरांची मराठी त्यांस पुरती उमगतेच असे नाही. अशा वेळी दुभाष्याचे काम करणारा, केसपेपर काढून देणारा, उत्पन्नाच्या दाखल्याची वाट दाखविणारा स्वयंसेवक हाच रुग्णालय व रुग्ण यांतील दुवा ठरतो. मात्र हा स्वयंसेवक अनेकदा रुग्णाच्याच गावचा, कधी नात्यातलाही असतो. त्याच्या कानी पडलेली गोष्ट कोठवर जाते, यावर रुग्णाचा आमच्यावरील विश्वास अवलंबून असतो.

सिकलसेलचे उदाहरण घेऊ. आदिवासी भागात विशेषत्वाने आढळणारा हा आनुवंशिक रक्तविकार आहे. केवळ वाहक असलेली व्यक्ती बहुधा निरोगी आयुष्य जगते. परंतु पती व पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणूनच विवाहापूर्वी तपासणीचा आग्रह धरला जातो. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी आरंभिलेल्या राष्ट्रीय अभियानाने २०४७ पर्यंत या आजाराच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेविले आहे. परंतु एखाद्या मुलीचा अहवाल आठवडे बाजारात चर्चिला गेला, तर तिची सोयरीक मोडू शकते आणि पाड्यावरील इतर मुली तपासणीकडे पाठ फिरवितात. तेव्हा वरपक्षाने विचारणा केल्यास स्वयंसेवकाने एवढेच सांगावे : अहवाल ज्याचा त्याचा असतो, वधू व वर दोघांनीही तपासणी करून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. एचआयव्हीबाबत तर २०१७ च्या कायद्यानेच संमतीवाचून माहिती उघड करण्यास मनाई केली आहे.

यास अनुसरून आमच्या स्वयंसेवकांकडून पुढील अपेक्षा आहेत :

१. दुभाष्याने उभय बाजूंचे बोलणे न गाळता, न वाढविता सांगावे. स्त्री-रुग्णासोबत शक्यतो स्त्री-स्वयंसेविका असावी.

२. रुग्णाकडून पैसे वा भेटवस्तू घेऊ नये. खाजगी प्रयोगशाळा वा औषध-दुकानाकडून दलाली तर मुळीच नाही.

३. स्वतः औषध देऊ नये वा उपचार सुचवू नये. भगताकडे जाऊन आलेल्या रुग्णास हिणवू नये. अपमानित झालेला रुग्ण पुढच्या खेपेस अधिक उशिरा येतो.

४. रुग्णाच्या संमतीवाचून छायाचित्र घेऊ नये. उपचारांच्या गरजेपोटी दिलेला होकार ही खरी संमती नव्हे, याचे भान ठेवावे.

५. रुग्णालयाच्या आवारात कोणत्याही पक्षाचा वा पंथाचा प्रचार करू नये.

६. मदत ही उपकार म्हणून करू नये. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ कक व २००६ ची योजना यांन्वये त्यांच्या कक्षेतील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. हा रुग्णाचा हक्क आहे, हे त्यास सांगणे हीदेखील सेवाच होय.

या नियमांचे पालन एकट्या स्वयंसेवकाच्या हाती नाही. आपल्या देणगीतून कोणाचा उपचार झाला, त्याचे नाव व छायाचित्र मिळावे, अशी इच्छा काही देणगीदार प्रेमाने व्यक्त करितात. त्यांस आमची विनंती आहे की, खर्चाचा हिशेब अवश्य मागावा. रुग्णाची ओळख मागू नये. विश्वस्तांची चिठ्ठी आणणाऱ्या रुग्णासाठीही रांग बदलणार नाही. रुग्णांच्या नातेवाइकांस कोणा स्वयंसेवकाने पैसे मागितल्यास वा घरची गोष्ट बाहेर सांगितल्यास त्यांनी थेट कार्यालयात यावे. तक्रार तोंडी असली तरी ती नोंदविली जाईल आणि त्यामुळे उपचारांत कोणताही फरक पडणार नाही.

संस्थेची येणी-देणी ताळेबंदात दिसतात. पाड्यावरची एखादी माता आपले दुखणे निःशंकपणे सांगते, हा विश्वास मात्र कोणत्याही रकान्यात मांडता येत नाही. तो सांभाळण्यासाठी आपणां सर्वांचे सहकार्य लाभावे, ही नम्र विनंती.