वाटाड्या नेमकं काय करतो? हरिश्चंद्रगड, सांधण आणि पायथ्याची गावं

ज्यांना कानात हेडफोन घालायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलताना दोन-चार ठिकाणी गाडी भरकटली होती, ती इथे सरळ केलीय. बाकी बोलणं बोलल्यासारखंच ठेवलंय.

विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. कळमनुरी, हिंगोली, वसमतची बरीच पोरंपोरी आता पुण्यात नोकरीला किंवा शिकायला आहेत. शुक्रवारी रात्री बस, शनिवारी डोंगर, रविवारी रात्री परत, असे ट्रेक इन्स्टावर रोज दिसतात. प्रश्न एकच येतो: "दादा, मोबाईलमध्ये मॅप आहे, रूटची फाईल आहे, मग गाईडला पैसे कशाला द्यायचे?" प्रश्न वाजवी आहे. उत्तर मात्र थोडं लांब आहे, बसून घ्या.

उदाहरणाला अकोले तालुक्याचा पश्चिम भाग घेऊ. जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे जुनं अहमदनगर. महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) इथेच, पायथ्याला बारी गाव. रतनगड इथेच, पायथ्याला रतनवाडी आणि तिथलं अमृतेश्वराचं देऊळ. हरिश्चंद्रगडाची सोपी वाट पाचनई गावातून निघते. सांधण दरी साम्रद गावाजवळ. यातला बराचसा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. ते १९८६ साली झालं. म्हणजे तुम्ही जिथे 'कॅम्पिंग' करता ते मोकळं माळरान नाही, वनखात्याच्या नियमातलं जंगल आहे. आणि त्या जंगलात माणसं राहतात, मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची.

आता मॅपचं बघू. मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे मॅपवर माझा राग नाही. पण तो काय करतो आणि काय करत नाही हे समजून घ्या. मोकळ्या माळावर तुमचा फोन आकाशातल्या बऱ्याच उपग्रहांचे सिग्नल पकडतो आणि पाच-दहा मीटरच्या फरकाने तुमची जागा सांगतो. सांधण दरीत उतरलात की गोष्ट बदलते. ही दरी म्हणजे काळ्या खडकाला पडलेली खोल चीर आहे. दोन्ही बाजूंना उभ्या भिंती, काही ठिकाणी हात पसरले तर दोन्हीकडे टेकतील इतकी अरुंद, वर आकाशाची फक्त एक पट्टी. त्या पट्टीत दिसतील तेवढेच उपग्रह. त्यातही काही सिग्नल सरळ न येता भिंतीवर आपटून येतात, म्हणजे उशिरा पोचतात. फोनला वाटतं उपग्रह लांब आहे, आणि निळा ठिपका तुम्हाला सरळ भिंतीच्या आत नेऊन ठेवतो. कोकणकड्यासारख्या कड्याखालीही थोडंफार असंच होतं.

बरं, ठिपका बरोबर असला तरी पुढचा प्रश्न आहेच. रूटची फाईल म्हणजे कुणीतरी एका दिवशी चाललेली रेघ. तो जानेवारीत चालला असेल तर त्याच्यासाठी ओढा कोरडा होता. तुम्ही ऑगस्टमध्ये गेलात तर तोच ओढा छातीपर्यंत वाहत असतो. रेघेला हे माहीत नाही. शिवाय सह्याद्रीत खरी अडचण उंचीची नाही. हिमालयात साधारण अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होतो, आपलं सर्वात उंच शिखरही तेवढं नाही. इथे माणूस चुकतो तो ढोरवाटांमुळे. पठारावर गुरं चरायला जातात, त्यांच्या पायांनी पन्नास वाटा पडतात, आणि सगळ्या मुख्य वाटेसारख्याच दिसतात. पावसाळ्यानंतर कंबरेएवढं गवत वाढलं की त्याही झाकतात. धुकं उतरलं तर दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. त्या ढोरवाटेवरून तुम्ही आत्मविश्वासाने चालत राहता आणि ती एखाद्या कड्याच्या टोकावर जाऊन संपते, कारण गाय तिथून मागे वळते.

वाटाड्याला ही वाट 'पाठ' नसते, तो तिथे राहतो. दोन्हीत फरक आहे. कुठल्या टाक्यातलं पाणी यंदा पिण्याजोगं आहे, कुठली दरड मागच्या पावसात सरकली, कुठल्या कपारीत आग्या मोहोळ बसलंय, हे त्याला या आठवड्याचं माहीत असतं. आग्या मोहोळाचं मुद्दाम सांगतो, कारण पोरं हसण्यावारी नेतात. सह्याद्रीतल्या कड्यांवर या माश्यांची पोळी लटकलेली असतात. धूर, उग्र परफ्यूम, दगड मारणं यातलं काहीही त्यांना उठवतं. मग त्या एकट्यादुकट्याच्या नाही, सगळ्या गटाच्या मागे लागतात, आणि कड्यावर पळायला जागा नसते. स्पीकर लावणाऱ्या दादांना वाटाड्या "बंद करा" म्हणतो, तेव्हा तो तुमच्या गाण्याच्या आवडीवर बोलत नसतो.

सांधणमध्ये तर वाटाड्याचं सर्वात मोठं काम 'नाही' म्हणणं हेच आहे. दरीच्या वर पाऊस पडला की सगळं पाणी त्या चिरेत शिरतं, आणि खाली उभ्या माणसाला बाजूला व्हायला जागाच नसते. म्हणून पावसाळ्यात दरीत उतरायचं नसतं. गाव सांगतं, तरी कुणीतरी "आम्ही लांबून आलोय" म्हणून हट्ट करतं. लांबून आलो हे पाण्याला कुठं कळतं! दरीतून खाली डेहण्याकडे उतरायचं असेल तर दोराने कडे उतरावे लागतात. तिथे साधा वाटाड्या पुरत नाही, दोराचं प्रशिक्षण घेतलेली टीम लागते. वाट माहीत असणं आणि दोर बांधता येणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. एकाकडे दुसरं असेलच असं धरून चालू नका.

आता नियमाचं. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते, आणि सुरक्षेचे निकष पाळायचे असतात. त्याआधी मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून वीसहून जास्त ट्रेकर गेले होते. वाळलेलं गवत, वारा आणि उतार, एवढं जमून आलं की आग माणसापेक्षा वेगाने चढते. आपल्याकडेही फेब्रुवारी ते मे गवत असंच असतं. तेव्हा शेकोटी हा ट्रेकचा हक्काचा भाग आहे असं समजणाऱ्या आयोजकापासून चार हात लांब राहा.

मग फोन करून विचारायचं काय? "नोंदणी आहे का" हे तर विचाराच, पण मी एक प्रश्न आधी विचारतो: "गावातला वाटाड्या कोण आहे, आणि त्याला किती देता?" पहिल्या अर्ध्याचं उत्तर पटकन येतं, दुसऱ्यावर आवाज जरा बदलतो. हिशोब करून बघा. समजा तीस जण आहेत, प्रत्येकी पंधराशे, म्हणजे पंचेचाळीस हजार झाले. यात बस, जेवण, आयोजकाची मेहनत आहे, तो फुकट काम करत नाही हे मान्य. पण वाटाड्याला हजार मिळाले तर तुमच्या पंधराशेतून त्याच्या वाट्याला आले तेहतीस रुपये. तुम्ही रात्री हायवेवर घेतलेला चहा-वडापाव त्यापेक्षा महाग असतो. आकडे मी समजावायला धरलेत. खरे आकडे तुमच्या आयोजकाला विचारा, तेवढा हक्क तुम्हाला आहे.

आणि तीस जणांमागे एक वाटाड्या हेही चूकच. आमच्या भाषेत याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. तो पुढे असेल तर मागे राहिलेल्या, दम लागलेल्या मुलीजवळ कोण आहे? पुढे एक आणि मागे एक, दोन माणसं हवीतच.

गावाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण रीलमध्ये गाव फक्त पिठलं-भाकरीच्या ताटापुरतं येतं. रतनवाडी-घाटघरच्या बाजूला वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या कळमनुरीकडे सरासरी हजाराच्या आतच. तरी एप्रिल-मेमध्ये या भागातल्या कित्येक वाड्यांवर बायका हंडे घेऊन लांब जातात. हे कसं? उत्तर पायाखाली आहे. सगळा सह्याद्री म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. हा बसाल्ट घट्ट असतो, पाणी फक्त त्याच्या भेगांमध्ये आणि दोन थरांच्या सांध्यात राहतं. उतार तीव्र, माती पातळ, त्यामुळे पडलेलं पाणी निघून जातं. गंमत म्हणजे आपल्या हिंगोली जिल्ह्याच्या बऱ्याच भागाखाली हाच काळा पाषाण आहे. म्हणून तर आपल्याकडे एका शेतातल्या विहिरीला पाणी आणि बांधापलीकडची कोरडी असा प्रकार होतो.

निघून गेलेलं पाणी अडतं भंडारदऱ्याला. प्रवरेवरचं हे धरण १९२६ साली पूर्ण झालं, साठा सुमारे ११ टीएमसी. पाणी जातं खाली श्रीरामपूर-राहुरीकडच्या शेतीला. वरच्या वाड्यांसाठी म्हण आहेच, धरण उशाला आणि कोरड घशाला. इसापूर धरणाच्या आजूबाजूच्या गावांतल्या श्रोत्यांना ही म्हण समजावून सांगायची गरज नाही.

याचा ट्रेकशी संबंध काय? सरळ आहे. मे महिन्यात तुम्ही पाचनईत किंवा साम्रदमध्ये घराच्या मागे बादलीभर पाण्याने पाय धुता, ती बादली कुणाच्या तरी डोक्यावरून आलेली असते. मावशी काही म्हणत नाहीत, पाहुणा आहे म्हणून.

काजव्यांचंही तसंच. मेच्या शेवटी, पहिल्या पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याच्या परिसरात हिरडा, बेहडा, ऐन, सादडा अशा झाडांवर काजवे लखलखतात. बघण्यासारखंच आहे, जाऊ नका असं मी म्हणणार नाही. पण ते चमकणं म्हणजे नर-मादीने एकमेकांना दिलेला सिग्नल आहे, त्यांच्याकडे त्यासाठी थोडेच दिवस असतात. शंभर गाड्यांचे हेडलाइट आणि मोबाईलचे टॉर्च म्हणजे त्यांच्या नेटवर्कवर टाकलेला जॅमर. जोड्या जमल्या नाहीत तर पुढच्या वर्षी काजवे कमी. गावातला वाटाड्या गाडी लांब थांबवून अंधारात चालवत नेतो त्याचं कारण हे.

या तालुक्याची आणखी एक ओळख सांगतो. कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे, महादेव कोळी समाजातल्या, शाळेत न गेलेल्या. त्यांनी देशी बियाणी जपली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. म्हणजे तुमच्या ताटात नाचणीची भाकरी किंवा वरईचा भात येतो, तो 'साधं गावरान जेवण' या लेबलात मावत नाही. कुठलं वाण उतारावर टिकतं, कुठलं ओल धरतं, ही माहिती पिढ्यानपिढ्या घरात सांभाळलेली असते. जेवताना विचारून बघा, लोक आनंदाने सांगतात. आपल्या कळमनुरी तालुक्यात आंध समाजाची गावं आहेत, आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय कळमनुरीतच आहे. पण आपल्यापैकी किती जणांनी त्या गावात बसून जेवण केलंय? तीनशे किलोमीटरहून लांब जाऊन आपण 'आदिवासी संस्कृती'चे फोटो काढतो, आणि वीस किलोमीटरवरच्या वाडीचा रस्ता माहीत नसतो. हा टोमणा मलाही लागू आहे.

गावात वागायचं कसं हे पुस्तकात शिकायची गरज नाही, मामाच्या गावी वागता तसं वागा. दारात बूट काढा, आजीला विचारल्याशिवाय कॅमेरा तोंडासमोर धरू नका, लहान पोरांना चॉकलेट वाटत सुटू नका (पुढच्या गटाकडे ती मागायला लागतात, आणि मग "इथली पोरं भीक मागतात" म्हणून तुम्हीच लिहिता). वाटाड्या वयाने मोठा असेल तर "ए गाईड" नाही, "मामा" किंवा "दादा" म्हणा. भाव करायचा असेल तर आदल्या दिवशी फोनवर करा. गड उतरल्यावर, तो दमलेला असताना, "मामा शंभर कमी करा ना" हे वाईट दिसतं.

आता जायचं कसं. हिंगोलीहून मुंबईला जाणारी जनशताब्दी आहे, नांदेडहून देवगिरी आणि तपोवन आहेत. तिन्ही नाशिकरोडला थांबतात. तिथून घोटीमार्गे बारी-भंडारदऱ्याला एसटी किंवा जीप मिळते. पुण्यातल्यांनी संगमनेर-अकोले मार्गे यावं. पहिल्यांदा जात असाल तर ऑक्टोबर ते जानेवारीत जा आणि कळसूबाई किंवा पाचनईकडून हरिश्चंद्रगड करा. टोलार खिंड दुसऱ्या वेळी, नळीची वाट त्याच्याही बरीच नंतर, आणि तीही जाणकार टीमबरोबरच. ऑफलाइन मॅप डाउनलोड करून घ्या, मी तो कायम ठेवतो. वाटाड्या बरोबर असताना मॅप बघत चाललं की डोंगर जास्त समजतो. तो "ही नाळ" म्हणतो आणि स्क्रीनवर त्या उंचीच्या रेषा दिसतात, तेव्हा त्या रेषांचा अर्थ पहिल्यांदा डोक्यात शिरतो. काही झालंच तर ११२ लावा. महाराष्ट्रात गिर्यारोहकांनी मिळून उभं केलेलं रेस्क्यू समन्वय केंद्रही आहे, त्यांचा नंबर निघण्याआधी शोधून कागदावर लिहून घ्या, फोनची बॅटरी संपते. घरी कुणाला तरी गावाचं नाव, वाटाड्याचं नाव आणि परतायची वेळ सांगून जा.

आणि रोख पैसे न्या, सुटे. वर रेंज नसते, यूपीआयचं चक्र फिरत राहतं, आणि मामा "राहू द्या, पुढच्या वेळी द्या" म्हणतात.

पुढच्या भागात इसापूरचे पक्षी. ते बघायला रात्रीची बसही नको, सकाळी सहाला कळमनुरीतून निघालो तरी चालतंय.