हवामानाच्या नोंदी : तक्त्यांची मांडणी कशी असावी?

२६ जुलै २००५ रोजी मुंबईवर कोसळलेला पाऊस आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. त्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच शहरातील कुलाब्यात मात्र सुमारे ७३ मिलिमीटर. कोणत्या ठिकाणी आणि कोणत्या वेळी, हे न सांगणारा आकडा त्यामुळे निरर्थक ठरतो. हवामानाच्या नोंदींसाठी संगणकावर डेटाबेस रचताना हेच पहिले सूत्र होय.

स्वयंचलित यंत्राने दर मिनिटाला एक नोंद केली, तर एकाच केंद्राच्या दिवसाला १,४४० आणि वर्षाला ५,२५,६०० ओळी होतात. प्रत्येक ओळीत गावाचे नाव, अक्षांश-रेखांश व उंची पुन्हा लिहिणे व्यर्थ आहे. ही माहिती केंद्रांच्या स्वतंत्र तक्त्यात एकदाच लिहून प्रत्येक केंद्रास क्रमांक द्यावा. निरीक्षणांच्या तक्त्यात केंद्र क्रमांक, वेळ आणि तापमान, आर्द्रता, पाऊस, वारा यांची मोजमापे एवढेच रकाने पुरेत. केंद्र क्रमांक व वेळ यांची तीच जोडी पुन्हा स्वीकारू नये, असा नियम डेटाबेसलाच घालून द्यावा. म्हणजे एकच नोंद दोनदा शिरत नाही.

वेळेबाबत विशेष दक्षता हवी. भारतीय हवामान विभाग दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचा धरतो. म्हणून २६ जुलैचा तो पाऊस २७ जुलैच्या सकाळच्या नोंदीत येतो. नुसती तारीख लिहिल्यास उद्याचा अभ्यासक फसेल. यास्तव तारखेसह पूर्ण वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार लिहावी. तीत साडेपाच तास मिळवले की भारतीय वेळ मिळते.

शून्य आणि रिकामा रकाना यांतही भेद आहे. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. रिकामा रकाना म्हणजे मोजणीच झाली नाही. बंद पडलेल्या यंत्रापुढे शून्य भरणे म्हणजे न घडलेला कोरडा दिवस इतिहासात घुसडणे होय. संशयास्पद नोंदही खोडू नये. तिच्यासाठी शेऱ्याचा निराळा रकाना ठेवावा.

तासाच्या व दिवसाच्या बेरजांचे तक्ते सोयीसाठी वेगळे असावेत. परंतु ते मूळ नोंदींची जागा घेऊ शकत नाहीत. मूळ साधन आणि त्यावरून लिहिलेला ग्रंथ यांत जे अंतर, तेच येथेही आहे. ग्रंथ पुन्हा लिहिता येतो. नष्ट झालेले साधन परत मिळत नाही. दिवसाची बेरीज पाऊस किती पडला ते सांगते. तो दिवसभर रिमझिमला की काही तासांत कोसळला, हे मूळ नोंदीच सांगतात. सखल वस्तीतील कुटुंबासाठी सारा प्रश्न तोच असतो. शहराच्या सरासरीत त्यांच्या घरात शिरलेले पाणी दिसत नाही. ते दिसावे, यासाठी प्रत्येक ठिकाणाची आणि प्रत्येक क्षणाची नोंद जपावयाची असते.