शिशाची भट्टी : भीती खरी, पत्ता चुकीचा

अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये बंदुकीच्या गोळ्या ओतणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. स्वतःच्या वापरापुरत्या गोळ्या करायला तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार परवाना लागत नाही. विकायच्या झाल्या तर लागतो. सरंजाम फार मोठा नसतो. टेबलावर मावणारे विजेचे भांडे, त्यात आठ-नऊ किलो शिसे, तळाला तोटी, तोटी उघडायला दांडी आणि खाली साचा. एवढ्याशा भांड्याभोवती गैरसमज मात्र भरपूर साचले आहेत, आणि त्यांतले बरेचसे ते भांडे नेहमी वापरणाऱ्यांचेच आहेत.

सर्वांत पक्का समज वाफेचा. शिसे वितळले की विषारी वाफ नाकात जाते, म्हणून पंखा लावला की काम झाले, असे अनेकांना वाटते. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. उकळते मात्र १,७४९ अंशांना. ओतकाम चालते साधारण ३५० ते ४०० अंशांत. तिथे शिशाची वाफ नगण्य असते. हवा खेळती हवीच, कारण रस साफ करायला टाकलेले मेण जळल्याचा धूर असतो आणि भट्टी भलतीच तापली तर धोकाही वाढतो. पण विष पोटात जाते ते मुख्यतः हातावाटे. रसावर येणारी राखाडी साय पळीने काढून डब्यात टाकली की तिची कोरडी भुकटी होते. झाडू मारला की ती उडते. बोटांना चिकटते, बोटांवरून सिगारेटला आणि सँडविचला लागते. साध्या साबणाने ती पूर्ण निघतही नाही. बुटांच्या तळव्यांनी घरात शिरली की रांगणाऱ्या मुलाच्या तोंडात जायला कितीसा वेळ?

ही धूळ काय करू शकते ते पाहा : सेनेगलमध्ये डाकारजवळच्या थियारोये-सूर-मेर या वस्तीत जुन्या बॅटऱ्यांमधले शिसे काढण्याचा धंदा चालायचा. तिथल्या मातीत शिसे मुरले होते. लोक ती माती चाळून त्यातले शिसेही विकू लागले. २००७च्या अखेरीपासून २००८च्या मार्चपर्यंतच्या काही महिन्यांत तिथली अठरा मुले दगावली. पेटलेल्या भट्टीजवळ ती मुले उभीही नसतील. धूळ पुरेशी होती. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये लहान मुलांच्या रक्तातल्या शिशाची संदर्भमर्यादा डेसिलिटरला पाचवरून साडेतीन मायक्रोग्रॅमवर आणली, आणि त्याखालची पातळीही सुरक्षित मानलेली नाही. म्हणून भट्टीच्या खोलीत खाणेपिणे नाही, झाडू नाही, ओल्या फडक्याने पुसणे, आणि कामाचे कपडे-बूट वेगळे, ही शिस्त पंख्यापेक्षा महत्त्वाची.

दुसरा समज पाण्याचा, आणि तो अर्धा खरा आहे. तापलेल्या शिशाजवळ पाणी आले की स्फोट होतो, असे सरसकट सांगितले जाते. मग १७८२ साली ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने ज्या पद्धतीचे पेटंट घेतले, तिचे काय? उंच मनोऱ्यावरून वितळलेले शिसे चाळणीतून सोडायचे, पडता पडता थेंब गोल होतात आणि खाली पाण्याच्या हौदात जाऊन थंड होतात. बाल्टिमोरचा १८२८ मधला २३४ फुटी फीनिक्स मनोरा आजही उभा आहे. पाण्यात शिसे टाकणे एक आणि शिशात पाणी टाकणे दुसरे. हौदात वाफेला मोकळी वाट असते. उलट शिशाच्या पृष्ठभागाखाली अडकलेले पाणी जवळपास १,७०० पट फुगते. एक थेंब म्हणजे जवळजवळ अर्धा कप वाफ, आणि तिच्या डोक्यावर आठ किलो रस. कपाळावरचा घामाचा थेंब रसावर पडला तर बहुधा नाचून उडून जातो (तरीही आजमावून पाहू नये). घात होतो तो शिशाच्या ओलसर विटेमुळे. पावसाळी हवेत बाहेर पडलेली, फटीत ओल धरलेली वीट थेट रसात बुडवली की भांडे रिकामे आणि छत चंदेरी. जाणते लोक वीट आधी भांड्याच्या काठावर तापवून घेतात, पळीसुद्धा.

तिसरा समज असा की शिशात मिसळलेले कथील हलके, म्हणून ते वर तरंगते. शिशाची घनता ११.३, कथिलाची ७.३, आकडे बरोबर, निष्कर्ष चूक. कथील एकदा रसात विरघळले की आपोआप वेगळे होत नाही. वर येते ते ऑक्साइड, आणि त्यात कथिलाचा वाटा मोठा असतो. ही साय कचरा समजून फेकणारा आपला सर्वांत महाग धातूच फेकून देत असतो. कल्हईवाला नवसागर मारून भांड्याचा पृष्ठभाग उघडा करतो, तसेच इथे मेण किंवा लाकडाचा भुसा टाकून तळापासून ढवळले की ऑक्साइडचा बराच भाग पुन्हा धातू होऊन रसात परततो. मग उरते ती खरी घाण.

मराठी छापखान्यांना शिसे-कथिलाच्या मिश्रधातूची ओळख जुनी आहे. छपाईचे खिळे शिसे, अँटिमनी आणि कथील यांचेच. लायनोटाइप या छपाईयंत्राच्या धातूत साधारण ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील असते, आणि तो शुद्ध शिशापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला वितळतो. वर्तमानपत्रांची जुनी यंत्रे भंगारात निघाल्यावर अमेरिकन हौशींनी हा धातू शोधून शोधून घेतला.

पण भंगारातून फटकाही बसतो, तो चाकांच्या वजनांतल्या जस्ताचा. युरोपात २००५ पासून आणि कॅलिफोर्नियात २०१० पासून गाड्यांच्या चाकांना लावायच्या शिशाच्या वजनांवर बंदी आली. त्यांची जागा पोलाद आणि जस्ताने घेतली. जस्त ४१९ अंशांना वितळते. भट्टी त्याखाली ठेवली तर ही वजने वर तरंगतात आणि उचलून काढता येतात. पण भांड्यावरच्या तबकडीचे आकडे म्हणजे तापमान नव्हे! सात म्हणजे सातशे फॅरनहाइट असे धरून चालणारा जस्त वितळवतो, आणि मग रस आंबील होऊन साचाच भरत नाही. रसात बुडवायचा तापमापक लागतोच.

तोटी ठिबकायला लागली की भांडे वाईट, असा निकाल लगेच दिला जातो. बहुतेक वेळा दांडी आणि तिच्या बैठकीमध्ये ऑक्साइडचा खडा अडकलेला असतो. दांडी जागच्या जागी गोल फिरवली की अनेकदा भागते. भंगार वेगळ्या भांड्यात वितळवून स्वच्छ विटा पाडल्या, तर दुखणे मुळातच टळते. काम संपल्यावर भांडे निपटून रिकामे करायचीही गरज नाही. तळाला बोटभर धातू राहू दिला तर बैठक गंजत नाही.

गाडीची बॅटरी फोडून घरी शिसे काढता येते, हा गैरसमज मात्र सर्वांत घातक. आम्ल तर असतेच, शिवाय आधुनिक पट्ट्यांतल्या कॅल्शियममुळे आर्सेनिक आणि अँटिमनी असलेल्या मळीला ओल लागली तर आर्सिन आणि स्टिबिन हे अतिविषारी वायू निघू शकतात. भारतात २०२२च्या नियमांनुसार जुनी बॅटरी संकलन, नूतनीकरण किंवा पुनर्चक्रण करणाऱ्यांकडेच जायला हवी. आणि गोळ्या ओतण्याचा छंद अमेरिकेतून इथे उचलून आणता येत नाही : शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे गुन्हा आहे.