नाव, मंच आणि कलाकृती : कार्टून वाहिन्यांविषयीच्या मतांचा अर्थविचार

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला,
१. ब्रँडच्या नावातील अभिधा, लक्षणा आणि व्यंजना हे अर्थस्तर ओळखता येतील.
२. कार्टून वाहिन्या व स्ट्रीमिंग सेवा यांविषयी व्यक्त होणाऱ्या मतांचे विश्लेषण करता येईल.
३. सर्जनशीलता कशी टिकते, याविषयी साधार मत मांडता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, शब्दशक्तींचा परिचय आपण मागील घटकात करून घेतला. तेथील उदाहरणे बहुतांशी काव्यातील होती. त्यामुळे शब्दशक्ती ही केवळ कवींची मिरास आहे, असा समज होण्याची शक्यता असते. वस्तुतः आपल्या नित्याच्या बोलण्यातही त्या तितक्याच सक्रिय असतात. ‘पूर्वीची कार्टून किती छान होती, आता त्या वाहिनीत काही राम उरला नाही’ हे वाक्य आपण कोठे ना कोठे ऐकले असेल, कदाचित स्वतः उच्चारलेही असेल. हे मत नेमके कशाविषयी आहे? वाहिनीच्या नावाविषयी, ती चालवणाऱ्या कंपनीविषयी, की त्यावर दिसणाऱ्या कलाकृतींविषयी? या तीन गोष्टी वेगळ्या करता आल्या, तर मत स्पष्ट होते. त्या एकात एक मिसळल्या, तर वाद वाढतो आणि हाती काही लागत नाही. या घटकात आपण हेच वेगळेपण पाहणार आहोत.

१. ‘कार्टून’ या शब्दाचा प्रवास

इटालियन भाषेत ‘कार्तोने’ म्हणजे जाड, मोठा कागद. भित्तिचित्र रंगवण्यापूर्वी चित्रकार त्यावर कच्चे रेखाटन करीत. पुढे त्या रेखाटनालाच ‘कार्टून’ म्हणू लागले. १८४३ मध्ये लंडनच्या ‘पंच’ या नियतकालिकाने उपहासात्मक चित्रांसाठी हा शब्द वापरला आणि त्याला ‘व्यंगचित्र’ हा अर्थ मिळाला. विसाव्या शतकात पडद्यावर हलणाऱ्या चित्रांसाठी तोच शब्द रूढ झाला. साहित्यापासून कृतीकडे, एका कलाप्रकाराकडून दुसऱ्याकडे असा हा अर्थविस्तार आहे.

मराठीत हा विस्तार आणखी पुढे गेला. ‘तो म्हणजे एक कार्टूनच आहे’ असे आपण विक्षिप्त, हसवणाऱ्या माणसाविषयी म्हणतो. ‘सचेतपट’ हा परिभाषिक शब्द उपलब्ध असूनही घरात कोणी ‘सचेतपट लाव’ असे म्हणत नाही. शब्द कोणी घडवला यापेक्षा तो कोणी वापरला, यावर त्याचे आयुष्य ठरते. हे तत्त्व ब्रँडच्या नावालाही लागू पडते.

२. नावाचे तीन अर्थस्तर

‘कार्टून नेटवर्क’ हे नाव उदाहरणादाखल घेऊ. ही वाहिनी अमेरिकेत १ ऑक्टोबर १९९२ रोजी सुरू झाली आणि १९९५ मध्ये भारतात आली. आरंभीच्या काळात एकाच वाहिनीवर दिवसा कार्टून आणि त्यानंतर टीएनटीचे इंग्रजी चित्रपट दिसत. मराठी घरांतील अनेक मुलांनी तेथे आधी इंग्रजी आणि मग हिंदी संवाद ऐकले.

अभिधेने हे नाव एका विशिष्ट वाहिनीचा निर्देश करते. ‘कार्टून नेटवर्क किती क्रमांकावर दिसते?’ या प्रश्नात एवढाच अर्थ अभिप्रेत आहे.

‘आम्ही कार्टून नेटवर्कवर वाढलो’ या वाक्यात मात्र मुख्यार्थाला बाध येतो, कारण वाहिनीवर कोणी वाढत नाही. येथे वाहिनी म्हणजे तिच्यावरील कार्यक्रम. आधाराच्या नावाने आधेयाचा बोध होतो, म्हणून ही लक्षणा होय.

याच वाक्यातून शाळा सुटल्यानंतरची दुपार, भावंडांमधील रिमोटची ओढाताण, अभ्यासाला बसवण्यासाठी आलेली आईची हाक असे बरेच काही सूचित होते. ही व्यंजना. ती शब्दकोशात सापडत नाही. ऐकणाऱ्याच्या अनुभवात ती तयार झालेली असते.

नाव जाणीवपूर्वक कसे योजले जाते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘अॅडल्ट स्विम’. २ सप्टेंबर २००१ रोजी याच वाहिनीवर रात्री प्रौढांसाठीच्या कार्टूनचा हा विभाग सुरू झाला. अमेरिकेतील सार्वजनिक जलतरण तलावांवर ठरावीक वेळी मुलांना बाहेर काढून केवळ प्रौढांना पोहू देतात. त्या वेळेला हे नाव आहे. तलाव तोच, पाणी तेच, वेळ मात्र मोठ्यांची. दोन शब्दांत संपूर्ण धोरण सांगणारे हे रूपक आहे. ज्याला त्या तलावांची पद्धत ठाऊक नाही, त्याच्यापर्यंत मात्र ते पोहोचत नाही. व्यंजना संस्कृतिसापेक्ष असते, ती अशी.

आपल्याकडील ‘छोटा भीम’ हे नावही या दृष्टीने पाहा. २००८ पासून ‘पोगो’ वाहिनीवर आलेल्या या मालिकेला नायकाचे बळ आणि त्याची भूक वेगळी सांगावी लागली नाही. ‘भीम’ या शब्दात महाभारतातून आलेला तो अर्थ आधीच साठलेला होता. ‘छोटा’ या विशेषणाने तो मुलांच्या वयाला आणला.

३. नाव बदलते तेव्हा

नावाची कायदेशीर मालकी कंपनीकडे असते. नावाचा अर्थ मात्र वापरणाऱ्यांच्या ताब्यात असतो. मराठीत ‘झेरॉक्स काढणे’ हा क्रियाप्रयोग कोणत्याही कंपनीच्या यंत्राला लागू होतो, तो याच कारणाने.

२७ मे २०२० रोजी अमेरिकेत ‘एचबीओ मॅक्स’ ही स्ट्रीमिंग सेवा सुरू झाली. २३ मे २०२३ रोजी तिच्या नावातून ‘एचबीओ’ गळले आणि केवळ ‘मॅक्स’ उरले. ९ जुलै २०२५ रोजी ‘एचबीओ मॅक्स’ हे नाव पुन्हा आले. ‘एचबीओ’ ही १९७२ पासून चालत आलेली वाहिनी, त्यामुळे त्या तीन अक्षरांत प्रेक्षकांच्या अनुभवाचे संचित होते. ‘मॅक्स’चा वाच्यार्थ ‘कमाल’ एवढाच. मोठेपणाचा दावा त्यात होता, पण स्मृती नव्हती. नव्या शब्दाला व्यंजना येण्यास काळ जावा लागतो आणि तो कोणत्याही मोबदल्यात विकत मिळत नाही.

भारतातील अनुभव पाहा. ‘हॉटस्टार’ २०१५ मध्ये आले, २०२० मध्ये ‘डिस्ने प्लस हॉटस्टार’ झाले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘जिओहॉटस्टार’ झाले. मालकी आणि उपसर्ग बदलत गेले, पण बोलीत रुळलेला ‘हॉटस्टार’ हा घटक कायम राहिला.

४. मंच म्हणजे कलाकृती नव्हे

येथवर आपण नावाचा विचार केला. आता मंच आणि कलाकृती यांतील भेद पाहू, कारण खरी हानी येथे घडते.

ओवेन डेनिस यांची ‘इन्फिनिटी ट्रेन’ ही मालिका २०१९ मध्ये कार्टून नेटवर्कवर आली आणि तिचे पुढील भाग एचबीओ मॅक्सवर प्रदर्शित झाले. चार पर्वांत मिळून तिचे ४० भाग आहेत. एप्रिल २०२२ मध्ये वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरी ही नवी कंपनी अस्तित्वात आली. तिच्या खर्चकपातीच्या काळात, ऑगस्ट २०२२ मध्ये, ही मालिका आणि इतर अनेक सचेत मालिका त्या सेवेवरून काढून टाकण्यात आल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये कार्टून नेटवर्कचे अमेरिकी संकेतस्थळही बंद करून प्रेक्षकांना ‘मॅक्स’कडे वळवण्यात आले.

ग्रंथालयात पुस्तक असते, तसा चित्रपट स्ट्रीमिंग सेवेत ‘असतो’ असे आपण मानतो. ‘स्ट्रीम’ म्हणजे प्रवाह. प्रवाहातील पाणी वाहते, ते साठत नाही. वर्गणीदाराला पाहण्याची तात्पुरती परवानगी मिळते. ‘ही मालिका अमुक मंचावर आहे’ या वाक्यातील ‘आहे’ हे क्रियापद म्हणूनच फार सावधपणे वाचले पाहिजे. मंच टिकला म्हणजे कलाकृती टिकली असे नाही, आणि मंचाचे नाव बदलले म्हणजे कलाकृतीचा दर्जा बदलला असेही नाही.

५. सर्जनशीलता टिकते कशी?

मंच इतका अस्थिर असेल, तर निर्मात्याने कशाचा भरवसा धरावा? या प्रश्नाचे उत्तर सचेतपटाच्या इतिहासातच मिळते.

‘टॉम अँड जेरी’चे जनक विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा एमजीएम या चित्रपटसंस्थेत काम करीत. १९५७ मध्ये तेथील कार्टून विभाग बंद झाला आणि दोघांनी स्वतःची संस्था काढली. दूरचित्रवाणीसाठी मिळणारा पैसा चित्रपटांच्या तुलनेत अत्यल्प होता. प्रत्येक हालचालीसाठी नवे चित्र काढणे परवडणारे नव्हते. त्यांनी धड स्थिर ठेवून केवळ डोके, ओठ किंवा हात हलवण्याची पद्धत स्वीकारली. योगी बेअरच्या गळ्यातील कॉलर आणि टाय ही केवळ शोभा नव्हती. डोके आणि धड यांमधील जोड त्यामुळे झाकला जाई. हालचाल कमी झाली, तेव्हा संवाद, आवाज आणि स्वभावचित्रण यांवर भर आला.

त्याच संस्थेच्या ‘स्पेस घोस्ट’ या १९६६ च्या मालिकेतील जुनी चित्रे वापरून कार्टून नेटवर्कने १९९४ मध्ये मुलाखतींचा एक विनोदी कार्यक्रम केला. हाती असलेल्या जुन्या सामग्रीला नवा संदर्भ देणे, एवढेच त्याचे भांडवल होते. पुढच्या ‘अॅडल्ट स्विम’ची बीजे त्यात होती.

१९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हॉट अ कार्टून!’ या उपक्रमात अनेक निर्मात्यांना लघुपट करण्याची संधी मिळाली. असे ४८ लघुपट झाले. गेंडी टार्टाकोव्हस्की यांची ‘डेक्स्टर्स लॅबोरेटरी’ आणि क्रेग मॅकक्रॅकन यांची ‘पॉवरपफ गर्ल्स’ त्यातूनच उभ्या राहिल्या. पैकी दुसरीचे मूळ मॅकक्रॅकन यांच्या विद्यार्थिदशेतील लघुपटात होते. त्यातील नाव मुलांसाठी प्रशस्त नव्हते, ते बदलले. पात्रे मात्र टिकली.

टार्टाकोव्हस्की यांची ‘समुराय जॅक’ २००४ मध्ये कथा अपूर्ण ठेवून थांबली आणि २०१७ मध्ये अखेरच्या पर्वाने पूर्ण झाली. ‘फायनल स्पेस’ रद्द झाल्यावर तिचे निर्माते ओलन रॉजर्स यांनी उरलेली कथा चित्रकादंबरीच्या रूपाने पूर्ण करण्याचा मार्ग निवडला. माध्यम बदलले, पण कथा सोडून दिली नाही.

या उदाहरणांतून दिसते ते असे : मर्यादा ओळखणे, लहान प्रमाणावर करून पाहणे, जुन्याला नवा संदर्भ देणे आणि अपुरे काम शक्य त्या रूपात पूर्णत्वास नेणे, या चार सवयींवर सर्जनशीलता टिकते. नोकरी आणि संसार सांभाळून रात्री अभ्यासाला बसणाऱ्या आपल्यासारख्यांना पहिल्या दोन सवयी नव्याने शिकवण्याची गरज नाही.

६. मत साधार कसे मांडावे?

आरंभीच्या वाक्याकडे परत येऊ. ‘पूर्वीची कार्टून छान होती’ हे विधान भावनेच्या पातळीवर खोटे नाही. ते बोलणाऱ्याच्या बालपणाविषयी काही सांगते. मात्र ते कलाकृतीविषयीचे मूल्यमापन ठरवायचे असेल, तर तीन प्रश्न विचारावेत. मी नावाविषयी बोलतो आहे, मंचाविषयी की कलाकृतीविषयी? माझ्या विधानातील कोणता भाग पडताळता येतो? आणि विरुद्ध उदाहरण मिळाल्यास मी मत बदलेन काय? ‘वाहिनी बिघडली’ याऐवजी ‘या वाहिनीने नव्या निर्मात्यांना संधी देणे कमी केले’ असे म्हटले, की विधान तपासता येते, त्याला उत्तर देता येते आणि त्यातून चर्चा पुढे जाते.

सारांश

ब्रँडचे नाव हे चिन्ह आहे. त्याचा वाच्यार्थ कंपनी ठरवते, व्यंग्यार्थ मात्र प्रेक्षकांच्या अनुभवातून साठतो. मंच कलाकृती दाखवतो, पण ती जपण्याची हमी देत नाही. सर्जनशीलतेचे श्रेय व उत्तरदायित्व नावाकडे न देता निर्मितीच्या प्रक्रियेत शोधले पाहिजे.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. ‘आमच्या घरी दिवसभर नेटफ्लिक्स चालू असते’ या वाक्यातील लक्षणा स्पष्ट करा.
२. ‘मॅक्स’ आणि ‘एचबीओ मॅक्स’ या नावांतील अर्थभेद आपल्या शब्दांत सांगा.
३. उपक्रम : आपल्या घरातील तीन पिढ्यांतील व्यक्तींना त्यांचे आवडते कार्टून किंवा बालकार्यक्रम विचारा. त्यांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत नोंदवा आणि प्रत्येक उत्तरातील नाव, मंच व कलाकृती यांविषयीचे भाग वेगळे करा.