दुकानाची पायरी आणि दिव्यांगांची वाट

लातूरच्या गंजगोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात. 1917 मध्ये आखलेल्या या वर्तुळाकार पेठेत सोन्याच्या दागिन्यांपासून गूळ-मिरचीपर्यंत सारे काही मिळते. नांदेडच्या वजिराबादेतही तीच वर्दळ असते. या पेठांत पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणाऱ्या कुटुंबांतही व्हीलचेअरवर बसणारे आजोबा, दृष्टी गमावलेल्या काकू किंवा सेरेब्रल पाल्सी असलेले मूल असते. दिवाळीच्या खरेदीला सारे घर निघते, पण हा एक सदस्य मागे राहतो. त्याला कोणी मनाई केलेली नसते. ‘उगाच त्रास नको’ एवढेच म्हटले जाते आणि हळूहळू तो स्वतःही तेच म्हणू लागतो.

हा त्रास नेमका कुठे आहे, याचा शोध घेतला तर तो फार दूर नाही. गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने, 2008 च्या सुमारास, नांदेडचे अनेक प्रमुख रस्ते नव्याने घडविले गेले. दिल्लीचे वास्तुरचनाकार प्रदीप सचदेवा यांच्या कार्यालयाने त्यांची आखणी करताना पादचाऱ्यांच्या पदपथांना महत्त्वाचे स्थान दिले. परंतु कोणत्याही शहरात पदपथ बांधून झाला की त्याचा खरा रखवालदार समोरचा दुकानदारच असतो. त्यावर पोती, फलक आणि दुचाकी आल्या की पांढरी काठी अडते, व्हीलचेअर रस्त्यावर उतरते. साधूंच्या ईर्यासमितीत पुढची भूमी पाहून पाऊल टाकण्याची शिकवण आहे. ज्याला दिसत नाही, त्याच्या पावलापुढची भूमी मोकळी ठेवणे हे श्रावकाच्या हाती आहे.

कायदाही याच दिशेने बोलतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मान्य झाले. लोकांचा वावर असलेली खासगी इमारतही या कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक इमारतच ठरते. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करण्यासाठी दिलेली 5 वर्षांची मुदत 2022 मध्येच संपली. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक असावेत, असा निर्वाळा दिला.

निकषांचे गणित व्यापाऱ्याला सहज उमगावे असे आहे. उताराचे प्रमाण 1 ला 12. म्हणजे अर्धा फूट उंचीच्या पायरीला 6 फूट आणि एक फुटाच्या ओट्याला 12 फूट लांबीचा उतार हवा. दार सुमारे 3 फूट रुंद असावे. उतार करताना तो पदपथावर आक्रमण करणार नाही, हेही पाहावे लागते. म्हणून जागा अपुरी असल्यास बाजूच्या दाराने वाट काढता येते किंवा हवा तेव्हा मांडून उचलता येणारा उतार ठेवता येतो. तेही शक्य नसेल तर पायरीपाशी हाताला येईल अशी घंटा लावावी, माल बाहेर आणून दाखवावा. मात्र घाईने केलेला उभा उतार पायरीपेक्षाही धोक्याचा असतो.

प्रवासाच्या सवलतीही माहीत असाव्यात. लातूर-नांदेड रेल्वेमार्ग परळी-परभणीचा वळसा घेत असल्याने बहुतेकांचा भरवसा एस.टी.वर असतो. एस.टी.च्या साध्या बसमध्ये दिव्यांग प्रवाशाला भाड्यात 75 टक्के सवलत मिळते. दिव्यांगत्व 65 टक्के वा अधिक असल्यास सोबत्यालाही 50 टक्के मिळते. रेल्वेत सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग, पूर्णतः अंध आणि बौद्धिक दिव्यांग प्रवासी यांना शयनयान व तृतीय वातानुकूलित वर्गात 75 टक्के सवलत आहे आणि सोबत्यासही तेवढीच. त्यासाठी प्रमाणपत्र व ओळखपत्र वेळीच काढून ठेवावे. संपन्न घरांत ‘आपल्याला सवलत कशाला’ या संकोचाने ही कागदपत्रे मागे पडतात. पण या कागदांचे मोल पैशांपुरते नाही; राखीव आसनाचा हक्कही त्यांच्याच आधारे मिळतो.

दानाची परंपरा समाजाला नवी नाही. भगवान महावीरांच्या 2500व्या निर्वाणवर्षात, 1975 मध्ये, देवेंद्रराज मेहता यांनी जयपूरला श्री भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि ‘जयपूर फूट’ लाखो गरजूंपर्यंत विनामूल्य पोहोचला. लातूरजवळ हरंगुळ येथे संवेदना केंद्र सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी कार्य करते. अशा संस्थांना समाजाने हातभार लावावाच. परंतु ज्याला पाय मिळाला, त्याला चालण्याजोगी वाटही हवी.

ती वाट जिनालय, स्थानक आणि धर्मशाळेपासून सुरू करता येईल. विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत तीन प्रश्न विचारावेत: व्हीलचेअर प्रवचन सभागृहापर्यंत जाते का? तळमजल्यावर कमोड आणि हाताला आधाराचा दांडा असलेले एक स्वच्छतागृह आहे का? दृष्टिहीन श्रावकाला जिन्याची पहिली आणि शेवटची पायरी कळते का? अंतरंग तपांत वैयावृत्त्याची गणना होते. घरातील दिव्यांग सदस्याला सोबत घेऊन एकदा आपल्याच दुकानापर्यंत जाऊन पाहिले, तर त्या तपाचा आरंभ कोठून करायचा हे सांगण्यास दुसऱ्या कोणाची गरज भासणार नाही.